अर्धा कुटलेला मसाला

नंदानं फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी आतला माणूस अख्ख्या गल्लीला ऐकू येत होता.

"काकू, ही लास्ट वॉर्निंग. तीन हप्ते थकलेत. उद्या अकराला टेम्पो घेऊन येतो. पैसे तयार ठेवा, नायतर मशीन टेम्पोत!"

"ये की! टेम्पो आण, क्रेन आण! पण मुडद्या, माझ्या व्याह्यांकडं फोन काऊन केलास? त्ये सांग आधी!"

"भाषा नीट वापरा हां मॅडम. तुमच्याच माणसानं नंबर दिलाय."

फोन कट. नंदा वळली. तिचा नवरा कुंडलिक चाळणी झटकत उभा होता. एकदम लक्ष लावून झटकायला लागला, जसं काय त्या चाळणीत हिरे अडकलेत.

"अवो, तुमी दिला नंबर?"

"अगं, त्यो म्हणला, वळखीचं येखादं चांगलं माणूस सांगा. म्हणलं, मृणालिनीबाई चांगल्या हायेत, शाळेत मास्तरीण हायेत. आपलं वजन वाढंल."

"वाढलं ना वजन? लई वाढलं!"

गंधालीचं, म्हणजे यांच्या पोरीचं, जोगेश्वरीला ठरलं होतं. मृणालिनीबाई तिची होणारी सासू. त्या भल्या बाईला दुपारी शाळेत फोन करून हा कर्जकंपनीचा वसुलीवाला चंद्रप्रकाश म्हणाला, "तुमच्या सुनेची आई लोकांचे पैसे बुडवते, माहितीय ना?" बाई गंधालीला काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "साखरपुड्याचं जरा बघू नंतर." त्या 'बघू'नं नंदाच्या डोक्यात जी आग पेटली, ती विझायचं नाव घेत नव्हती. दारात येऊन शिव्या घाल, चालंल. पोरीच्या सोयरिकीत तोंड घालतोस?

साकीनाक्याच्या मागं, लेथवाले आणि खोकेवाले यांच्या मधल्या गल्लीत नंदाचा डंका. डंका म्हणजे मसाला कुटायचं मशीन. दोन लोखंडी उखळं, वर दोन मुसळं, मोटर लावली की धाडधाड धाडधाड. फेब्रुवारी सरला की बाया भाजलेल्या मिरच्या, धणे, खडा मसाला डब्यांत भरून येणार आणि पाऊस पडेपर्यंत रांग हटणार नाही. या तीन महिन्यांवर घराचं वर्ष निघायचं. आधी एकच उखळ होतं. रांग बघून नंदानं कर्ज काढलं, दोन उखळांचं नवं मशीन आणलं. आणि त्याच वर्षी गटाराच्या कामाला गल्ली खोदली. अख्खा सीझन बाया खड्ड्याच्या पल्याडून हात हलवून परत गेल्या. खड्डा बुजला, हप्ता काही बुजला नाही. आता ऐन एप्रिलात मशीन गेलं असतं तर दुकानात उरला असता कुंडलिक आणि त्याची चाळणी.

बरं, नंदाकडे पैसे नव्हते असंही नाही. होते. फक्त दुसऱ्याच्या खिशात होते.

तो दुसरा म्हणजे शरच्चंद्र. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, बोलणं असं की साखरेनं लाजावं. 'माजघर मसाले' नावानं पाकिटं विकायचा. पाकिटावर नऊवारीतल्या आजीचं चित्र आणि खाली, 'पारंपरिक पद्धतीने हाताने कुटलेला.' हात म्हणजे नंदाची मोटर. खड्डा बुजल्यापासून क्विंटलानं माल कुटून नेला आणि एकतीस हजार अडकवून ठेवले. मागितले की व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायचा, "नंदाताई, तुमचे एकतीस हजार माझ्या अगदी डोक्यात आहेत हं." डोक्यातून खिशात काही उतरत नव्हते. याला समाजात मान. गणपतीत वर्गणी देतो, हळदीकुंकवाला पाकिटं वाटतो. आणि बुडवी कोण? तर नंदा.

"त्याचा माल अडवू मंग," ती कितीदा म्हणाली होती. कुंडलिक तेवढ्याला कडक. "खायची वस्तू अडवायची न्हाई नंदे. गावाकडं उपाशी ऱ्हायलो, पर कुणाचं पीठ अडीवलं न्हाई."

त्या संध्याकाळी फोन आपटून नंदा पायरीवर बसली. बसली आणि थोड्या वेळानं स्वतःशीच हसली. कुंडलिकाला घाम फुटला. बायको शिव्या घालत असली की तो निवांत असायचा. हसली की मात्र हा चाळणी शोधायला लागायचा.

सकाळी सातला तिनं शरच्चंद्राला फोन लावला. आवाजात असं तूप की फोन हातातून निसटावा.

"दादा, तुमचा पार्ल्याला ष्टॉल हाय ना आज? मंग माल पाठवा की. समद्यात आधी तुमचाच घालते. दुपारी चारला तयार."

"अहो, काय सांगता! देव भलं करो तुमचं. लगेच पाठवतो."

तीन गोण्या आल्या. टेम्पोवाल्यानं टाकल्या आणि गेला. बरोबर माणूस नाही. आता डंक्याची रीत अशी, की ज्याचा मसाला त्याचं माणूस उखळापाशी बसतं. आपला माल आपणच घालायचा, आपणच काढायचा, दुसऱ्याच्या डब्याला कुणी बोट लावायचं नाही. बाया नाकाला पदर बांधून, ठसके देत, शिंकत बसतात, पण उठत नाहीत. शरच्चंद्र कधी बसला नाही, कधी कुणाला बसवलं नाही. शर्ट लाल होतो म्हणायचा; त्याचं घालणं-काढणं नंदाच करायची.

व्हायोलेट आंटी सगळ्यात आधी येऊन बसली होती. मरोळ गावठाणातली म्हातारी. तिच्या नातवाचं लग्न, त्यासाठी बाटलीत भरायचा मसाला कुटून न्यायचा होता. आपला नंबर मागं गेला बघून ती उसळली.

"काय गो नंदा, माझी मिरची काय उन्हात बोंबलासारखी वाळवणार काय? त्या गोडबोल्याचा पहिला? पैसे तरी देतो काय तो?"

"आंटी, आज जरा गंमत बघा. अकरापत्तुर कळ काढा."

"गंमत? मग बसते मी." आंटीनं स्टूल पुढं ओढलं.

पहिली गोणी दोन्ही उखळांत पडली. मुसळं नाचायला लागली. लाल धूर, ठसका, खोकेवाल्यांच्या शिंका. नंदा उरलेल्या दोन गोण्यांची तोंडंही उघडून, त्यातली मिरची, धणे, दगडफूल एकत्र करून ठेवत होती. कुंडलिक जवळ आला.

"आगं, अकराला त्यो यील. ह्यो माल अर्धाच व्हईल की."

"व्हऊ द्या की."

कुंडलिकानं तिच्याकडं बघितलं. मग उखळाकडं. मग पुन्हा तिच्याकडं. "नंदे!"

"म्या कुटं काय अडीवतेय? कुटायलीच हाय ना?"

अकराला चंद्रप्रकाश आला. पस्तिशीचा गडी, गॉगल, गळ्यात कंपनीचं कार्ड. बरोबर टेम्पो, दोन हमाल. आल्या आल्या रांगेतल्या बायांकडं तोंड करून त्यानं सुरू केलं. हे त्याचं खास होतं, बाईशी बोलायचं नाही, बाईच्या गिऱ्हाइकांशी बोलायचं.

"ऐका मावश्यांनो! ज्या बाईकडे तुम्ही मसाला देता, तिनं तीन हप्ते थकवलेत! मशीन कंपनीचं, कमाई हिची! शोभतं का?"

बायांनी नंदाकडं बघितलं. कुंडलिकानं मान खाली घातली. नंदाची कानशिलं तापली, हात मुसळाकडं गेला, आणि तिनं तो परत घेतला. खट् करून मोटर बंद केली. मुसळं अधांतरी थांबली.

"न्या," ती म्हणाली.

चंद्रप्रकाश गडबडला. लोक रडतात, पाया पडतात, शेजाऱ्याला बोलावतात, कोणी वहाण काढतं. 'न्या' कोणी म्हणत नाही.

"काय?"

"मशीन न्या. बोल्ट खोला. म्या सही करते."

"मग... मग आधी मसाला काढा ना आतला."

"माझा न्हाई त्यो. ज्याचा माल त्यानंच काढायचा, ही हितली रीत. इचारा ह्या बायांना."

"खरं आहे," रांगेतून आवाज आला. "दुसऱ्याच्या मसाल्याला हात लावत नाहीत."

"काय हात नि पाय! ए, काढ रे!" चंद्रप्रकाश हमालावर ओरडला. हमालानं दोन्ही हात कोपरापर्यंत उखळात घातले, लवंगी मिरचीचा अर्धा कुटलेला भुगा पाटीत टाकला, आणि घाम पुसायला तोच हात डोळ्याला लावला. जी बोंब मारली त्यानं! गल्लीतली लेथ मशीनं थांबली. दुसरा हमाल "पाणी, पाणी" करत सरळ चहावाल्याकडं पळाला आणि तिथंच बसला.

"पाणी नाय, तेल लाव त्याला!" व्हायोलेट आंटी स्टुलावर गदागदा हसत होती. "आणि तू रे चष्मेवाल्या, तू घाल ना हात! कंपनीचा माणूस तू!"

चंद्रप्रकाशानं हात खिशात घातले. "कोणाचाय हा माल? नंबर द्या!"

नंदानं नंबर दिला. तोंडपाठ होता.

आणि मग चंद्रप्रकाशानं आपला तो आवाज लावला. स्पीकरवर. "शरच्चंद्र बोलतायत? तुमचा माल आमच्या मशीनमध्ये अडकलाय. पंधरा मिनिटांत उचला, नायतर रस्त्यावर ओततो!"

नंदा पदरात हसली. गेले तीन महिने हा आवाज तिच्या कानात ओतला जात होता. आज पहिल्यांदा तो गोड लागला.

शरच्चंद्र पंधरा मिनिटांत आला. पांढरा शर्ट, अष्टगंध, सगळं जागच्या जागी. उखळात डोकावला आणि त्याचा चेहरा पाकिटावरच्या आजीसारखा सुरकुतला.

"नंदाताई, हे काय? अर्धाच कुटलाय!"

"म्या काय करू दादा? ह्या सायबांनी मशीन थांबीवलं."

"अहो साहेब, संध्याकाळी माझा स्टॉल आहे. एवढा कुटू द्या, मग न्या मशीन."

"तुम्ही कोण सांगणार? तीन हप्ते भरा, मग कुटा!"

"मी का भरू? माझा काय संबंध?" शरच्चंद्र नंदाकडे वळला. "मी दुसऱ्या डंक्यावर नेतो."

"न्या की," नंदा म्हणाली. "अर्धा कुटलेला कोण घेतंय बघा. दुसऱ्याच्या हातचा अर्धा माल कोण उखळात घालत न्हाई. त्यात समद्या डंक्यांवर रांगा. आन् दोन गोण्या मिसळून उघड्या पडल्यात. हवा लागली की सादळतील."

शरच्चंद्रानं घड्याळ बघितलं. रांगेतल्या बायांनी त्याच्याकडं बघितलं. तेव्हा नंदानं फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि दाबलं.

"नंदाताई, तुमचे एकतीस हजार माझ्या अगदी डोक्यात आहेत हं," फोनमधला शरच्चंद्र मधाळ बोलला.

मग दुसरा. "नंदाताई, दिवाळीनंतर नक्की." मग तिसरा. "नंदाताई, पैशाचं काय हो, माणसं महत्त्वाची."

चंद्रप्रकाशानं गॉगल काढला. धंद्यातला माणूस होता, वास लगेच आला. नंदाचे हप्ते अठ्ठावीस हजार. ह्याच्याकडं एकतीस. आणि ह्याला गरज आत्ता, ह्या मिनिटाला. तो शरच्चंद्रासमोर जाऊन उभा राहिला आणि तोंड बायांकडं केलं.

"ऐका मावश्यांनो! हे साहेब एका गरीब बाईचे एकतीस हजार घेऊन फिरतायत! गाडीतून येतात! शोभतं का?"

"नाय शोभत!" व्हायोलेट आंटी ओरडली. "पाकिटावर हाताने कुटलेला लिवतो, तो हात कुठाय रे तुजा? दाखव!"

"हळू बोला हो," शरच्चंद्र कुजबुजला. "ओळखीचे लोक आहेत इथं."

"वळख!" आता नंदा पुढं आली, आणि हसू गेलं तिचं. "वळख तुम्हालाच हाय व्हय? माझ्या लेकीच्या सासूला शाळेत फोन जातो, समद्या मास्तरणींच्या म्होरं, ती वळख न्हाई? म्या कुटायचं, म्या ठसके खायचे, आन् बुडवी म्हणूनबी माझंच नाव! टाका पैसे. आत्ता. न्हाईतर हितंच बसा आन् खरंच हातानं कुटा!"

कुंडलिक मागून बोलला, हळूच, पण बोलला. "मुसळ देऊ का, दादा?"

शरच्चंद्रानं फोन काढला. पासवर्ड दोनदा चुकला. मग नंदाच्या फोनमध्ये टिंग वाजलं. एकतीस हजार.

"झालं," चंद्रप्रकाश खुशीत म्हणाला. "काकू, टाका आता इकडे."

"टाकते. आधी फोन लाव."

"कुणाला?"

"मृणालिनीबाईंना. स्पीकरवर."

"काकू, ते कंपनीच्या नियमात..."

"काल फोन केलास त्यो कोणत्या नियमात व्हता? मला न्हाई कळत कंपनी. फोन न्हाई, तर पैसा न्हाई. घेऊन जा मशीन, आन् त्यातला मालबी. ह्ये दादा बसलेच हायेत."

"लावा हो फोन!" शरच्चंद्र किंचाळला. "संध्याकाळी स्टॉल आहे माझा!"

चंद्रप्रकाशानं लावला. मृणालिनीबाईंनी उचलला. मागं पोरांचा गलका.

"मॅडम, काल मी... ते हप्त्याबद्दल बोललो होतो. चूक झाली. या बाईंनी पैसे भरलेत."

"बुडवत न्हाईत, म्हण," नंदा.

"बुडवत नाहीत त्या."

"लोकांनीच त्यांचे बुडवले व्हते, म्हण."

"लोकांनीच त्यांचे..." त्यानं शरच्चंद्राकडं बघितलं, "...अडकवले होते."

मग बाई, शाळेतल्याच सुरात, म्हणाल्या, "तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि परत कुणाला असा फोन केलात तर मी पोलिसात जाईन. नंदाताई आहेत का तिथं? त्यांना सांगा, रविवारी मी येते. तारीख काढायला."

नंदाचे डोळे भरले. मिरचीनं, असं ती म्हणाली. तिनं अठ्ठावीस हजार पाठवले, पावती मागून घेतली आणि मोटर चालू केली. शरच्चंद्राला कुणी जा म्हणालं नाही, राहा म्हणालं नाही. माल त्याचा, काढणारं माणूस नाही. त्यानं बाह्या वर केल्या आणि उखळापाशी बसला. पाचव्या मिनिटाला शर्ट लाल. व्हायोलेट आंटीनं त्याला आपला जुना रुमाल दिला, आणि वर म्हणाली, "नाक झाक. शिंक माज्या डब्यात पडली तर बघ."

चंद्रप्रकाश टेम्पोत चढला. एक हमाल अजून डोळे चोळत होता. जाता जाता खिडकीतून तोंड काढून चंद्रप्रकाशानं जरा आब राखायचा प्रयत्न केला.

"काकू, पुढच्या महिन्यात पाच तारखेला पुन्हा हप्ता आहे हां. मी येणारच!"

"ये की," नंदा मुसळाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली. "पर आदल्या दिशी फोन कर. केटरिंगवाल्या त्रिभुवनाकडं माझे बावीस हजार हायेत. त्याचा माल उखळात घालून ठेवते!"