घोंगड्याखालचा म्हसोबा

भर दुपारी बेंबळी गावापलीकडच्या माळावर अख्खं गाव लोटलं होतं. सोलरच्या निळ्या प्लेटांच्या रांगा पार ओढ्यापर्यंत पसरलेल्या, पण शेवटच्या रांगेपासून प्रत्येक जण चार हात लांब उभा. त्याच रांगेत मागच्या सोमवारी प्लेटा धुताना जगदेवी पडली होती. हातातला पाण्याचा पाइप सुटला आणि ती पुन्हा उठली नाही.

आज तीच रांग जगदेवीच्या जागी बानूबाईला धुवायची होती. मुकादम कुलदीपनं सकाळीच बजावलं होतं, "मावशी, पूजा झाली की पहिली बादली तुमची. भ्यायचं कारण न्हाय, महाराज बंदोबस्त करत्यात."

बानूबाईनं बादली भरलीच नाही. कळ खाली पाडलीय, करंट बंद आहे, बिनधास्त धू, असं त्यानं जगदेवीलाही सांगितलं होतं. जगदेवीनं त्याआधी दोनदा त्याच्या कानावर घातलं होतं की शेवटच्या प्लेटेला तडा गेलाय, हाताला मुंग्या येतात. त्यानं ना वर कळवलं, ना प्लेट बदलली. ती गेल्यावर मात्र त्याला एकदम माळावरचा म्हसोबा आठवला. देवाचं ठाणं प्लेटांखाली गेलं, देव कोपला, त्यानंच बाईला ओढलं, असं दोन दिवसांत गावभर झालं. अपघात म्हटला की कंपनीला कळवावं लागतं, सरकारी माणूस चौकशीला येतो. देवाच्या कोपाची चौकशी करायला कोण येणार?

शिवलिंगप्पा महाराज कर्नाटकाच्या हद्दीतून कुलदीपनं पाठवलेल्या खास गाडीनं आले होते. गळ्यात कवड्या, कपाळभर शेंदूर आणि आवाज असा की लाउडस्पीकरची गरजच नाही.

"देव का कोपला?" महाराज गरजले. "तुमी पंख्याखाली अन् देव तापल्या प्लेटांखाली! उतारा एकच. घरटी एक घोंगडं आणा, देवाच्या ह्या रांगेवर पांघरा."

उन्हानं तापलेल्या देवाला लोकरीचं घोंगडं पांघरायचं, तेही मे महिन्यात! पण भेदरलेल्या माणसांना हसू सुचत नाही. घरोघरची घोंगडी आली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग काळी झाली. तडा गेलेल्या प्लेटेवर बानूबाईचंच घोंगडं पडलं. महाराजांनी अंगारा उधळला, "अंगार जा, भंगार जा, उत्तर सोडून दक्षिणेला जा," असं काहीबाही पुटपुटले आणि ओल्या हातानं त्या प्लेटेची लोखंडी चौकट गच्च धरली.

बानूबाईनं डोळे मिटून घेतले.

महाराजांना काहीच झालं नाही.

"म्हसोबाच्या नावानं चांगभलं!" गर्दी गरजली. कुलदीपनं घाम पुसला. "झालं. आता घोंगडी काढू अन् धुवायला घेऊ. चला मावशी."

बानूबाईनं बादली मागे सारली. तेवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या महेश्वरीबाई पुढे आल्या. हातात वर्गातलं खेळणं होतं. तळहाताएवढी सोलर प्लेट आणि तिला जोडलेला चिमुकला पंखा. पंखा भिरभिरत होता. बाईंनी प्लेटेवर पदर टाकला, पंखा थांबला. पदर काढला, पंखा फिरू लागला.

"इथं कुठला म्हसोबा आहे?" त्यांनी विचारलं. "ऊन पडलं की वीज तयार होते, झाकलं की थांबते. कळ पाडली तर वीज फक्त पुढं जायची थांबते, प्लेटेत ती होतच राहते. तड्यात पाणी शिरलं अन् ती लोखंडात उतरली. चौकटीपासून जमिनीत जाणारी तार बघा, तुटून लोंबतेय. मग वीज जगदेवीच्या ओल्या अंगातून जमिनीत गेली."

"देवाचं पांघरूण ओढील त्याचा निर्वंश होईल," महाराज कडाडले. लोक मागे सरकले.

बानूबाईला घरची दोन लेकरं आठवली. पण बादली हातात घेऊन त्या रांगेत गेली तर लेकरांचं काय होणार होतं, तेही तिला दिसत होतं.

"घोंगडं माझं हाय," ती म्हणाली. "देवाला दिलं न्हाय म्या, वापरायला दिलंय."

"हात लावू नका, कोरड्या काठीनं ओढा," बाई घाईनं म्हणाल्या. बानूबाईनं मेंढरं हाकायच्या काठीनं घोंगडं खाली ओढलं. ते बघून आणखी चार काठ्या पुढे आल्या. तडा गेलेल्या प्लेटेसकट अख्खी रांग उन्हात उघडी पडली.

"महाराज, आता धरा," बाई म्हणाल्या.

महाराज गुरगुरले. त्यांना स्वतःच्या अंगाऱ्याची खात्रीच होती. घोंगड्यांची अक्कल त्यांची नव्हतीच, ती कुलदीपनं सुचवलेली. त्यांनी बाह्या सावरल्या, कमंडलूत हात बुडवला आणि थेट चौकटीकडे नेला.

"हात लावू नका महाराज! मरताल!" कुलदीप किंचाळला आणि त्यानं धावत जाऊन महाराजांना मागे ओढलं.

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. महाराजांचा हात तसाच हवेत राहिला.

बानूबाई कुलदीपसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढला नाही, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "मघाशी घोंगडं असताना महाराजांनी धरलं, तवा तू वरडला न्हाईस. झाकलं की करंट बसत न्हाय, हे तुला ठाऊक व्हतं. मग ही फुटकी प्लेट झाकून काढून टाकायला जगदेवी मरायची वाट का बघितलीस?"

महेश्वरीबाईंनी पोलिसांना फोन लावला आणि गावकऱ्यांना सांगितलं, चौकशीला माणसं येईपर्यंत इथली एक तारही हलवू नका. बायकांनी बादल्या खाली ठेवल्या आणि त्या राखणीला बसल्या. महाराज गाडीत बसून कधी गेले, कुणी पाहिलं नाही.

कामावर माणूस पडला की देव का कोपला हे विचारू नका. काय तुटलं होतं, कुणाला ठाऊक होतं आणि ठाऊक असून त्यानं काय केलं, हे विचारा. आणि माणूस पडायची वाट बघू नका. नुसता चटका बसला त्याच दिवशी मुकादमाच्याही वर कळवा, चौकशी मागा. तसं झालं असतं तर जगदेवी आज घरी असती.