मास्तरांचा शुक्रवार

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. शिंप्याच्या दुकानातला, माणसाच्या उंचीचा. माझी हकीकत तुम्ही ऐकावी असं मला फार वाटतं, पण आधीच सांगून ठेवतो, मला पुष्कळ गोष्टी नीट कळत नाहीत. तुमचा उजवा हात तो माझा डावा. ज्याची सुरुवातच अशी, त्याचा पुढे गोंधळ उडाला तर नवल काय?

एका कारखान्यात माझी काच तयार झाली, पाठीवर पारा चढला, सुताराने चौकट ठोकली. आत्ताच्या मास्तरांच्या वडिलांनी मला विकत आणून दारासमोरच्या भिंतीवर पक्कं बसवलं. काय माझा थाट होता तेव्हा! नव्या कोटातला माणूस माझ्यापुढे उभा राहिला की पोट आत घ्यायचा, कॉलर सारखी करायचा आणि म्हणायचा, "वा!" ही शाबासकी मला की शिवणाऱ्याला, ते मला कधी समजलं नाही. मी आपली अर्धी ठेवून घेत असे.

वडील गेले आणि दुकान मास्तर व त्यांची थोरली बहीण चालवू लागले. मास्तर मापं घ्यायचे, कापायचे, शिवायचे. ताई पडद्यामागच्या खोलीत काजं, बटणं, तुरपाई आणि इस्त्री बघायच्या. गिऱ्हाईक दारातून परत पाठवू नये, ही वडिलांची शिकवण मास्तरांनी अशी काही धरून ठेवली की काही विचारू नका. कोणीही येवो, काहीही मागो, मास्तर म्हणत, "होऊन जाईल. शुक्रवारी या." मग शुक्रवारी सगळे एकदम येत. कुणाच्या कोटाला बाह्या नसत, कुणाची पँट अजून कापडातच असे. अशा वेळी मास्तर हळूच पडद्यामागे जायचे आणि बोलणी खायला ताई पुढे यायच्या.

या धामधुमीत माझ्याकडे कोण बघणार? माझ्या चौकटीवर मापाच्या टेपा लटकू लागल्या, काचेवर खडूची धूळ बसली, एका बाजूचा पारा उडाला. दुकानाचं दार नेमकं त्याच बाजूला उमटत असे. आता तिथे नुसता काळा डाग होता.

एकदा ताई म्हणाल्या, "अरे, समोर तयार कपड्यांचं मोठं दुकान निघालंय ना, त्यांनी मला कामाला बोलावलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू हे सगळं सुधारणार आहेस की मी जाऊ?"

"शुक्रवारी बोलू," मास्तर म्हणाले.

ताईंनी कपाळाला हात लावला. पण भाऊ तो भाऊच. त्यांनीच खटपट करून एका सल्लागारबाईंना गाठलं. लहान धंदे वाढवायला मदत करणं हे बाईंचं काम. मी घाबरलो. दुकान वाढवायचं म्हणजे भिंत पाडणार, आणि भिंतीवर तर मी!

बाईंनी भिंतीला हात लावला नाही. एक अख्खी सकाळ त्या स्टुलावर गप्प बसून सगळं बघत राहिल्या. मग विचारलं, "मास्तर, तुम्ही विकता काय?"

"कपडे शिवून देतो."

"छे. तुम्ही शुक्रवार विकता. आणि आठवड्यात तो एकच येतो."

मी फळ्यांवर नजर फिरवली. शुक्रवार नावाचा माल मला तरी कुठे दिसला नाही.

"अहो, पण तोंडावर नाही कसं म्हणायचं?" मास्तर कळवळून म्हणाले.

"भीड भिकेची बहीण, मास्तर. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, 'नाही जमणार. पुढच्या बुधवारी देतो.' जीभ वळेपर्यंत म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझ्यावरच्या टेपा काढल्या, ओल्या फडक्याने मला पुसलं. किती दिवसांनी! मी हरखून गेलो. ते माझ्यासमोर ताठ उभे राहिले, माझ्या डोळ्यांत डोळे घातले आणि ओरडले, "नाही जमणार!"

मित्रांनो, मी काही मागितलंच नव्हतं.

हे रोजचंच होऊन बसलं. मला वाईट वाटायचं, पण गिऱ्हाइकं मात्र बदलली. आधी कुरकुरली, मग बुधवारी आली, आणि दोन्ही बाह्यांचा कोट हातात पडल्यावर पुन्हा माझ्यासमोर "वा!" म्हणू लागली. बाई म्हणाल्या, "धंदा वाढतोय हं." मी भिंती न्याहाळल्या. होत्या तिथेच होत्या.

आणि मग ती दुपार आली. ताई पडद्यामागून बाहेर आल्या. कामाने त्यांचा चेहरा उतरला होता. "अरे, जरा बोलायचं होतं. मला मदतीला कोणी..."

"नाही जमणार. पुढच्या बुधवारी."

एकही शब्द अडखळला नाही. मास्तरांनी तर कौतुकासाठी माझ्याकडेही पाहिलं. ताईंनी आपली कात्री आणि चष्मा पिशवीत टाकला. "दुकानाची किल्ली उद्या आणून देते," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

सकाळी बाई आल्या. "ताई कुठेत?"

मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "नाही म्हणायला शिकवलं मी तुम्हाला. कुणाला नाही म्हणू नये, ते सांगायचं राहिलं."

"आता मी काय करू? तिच्यापुढे माझं तोंड उघडत नाही."

"मग आधी आरशाला सांगा."

मास्तर माझ्यासमोर उभे राहिले. "जाऊ नकोस," ते म्हणाले.

मी जाणार कुठे? मला तर भिंतीला ठोकलंय.

"तू होतीस म्हणून मी जगाला हो म्हणत बसलो. बोलणी तू खाल्लीस. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून जपलं, आणि तुलाच घालवून बसलो."

तेव्हाच दारात ताई येऊन उभ्या राहिल्या. हातात किल्ली होती. बाईंनी पाहिलं, पण त्या बोलल्या नाहीत. मास्तरांना मात्र माझ्यात नुसता काळा डाग दिसत होता. मागे कोण आहे ते दाखवणं हेच तर माझं काम, आणि नेमकं तेव्हा मला ते जमेना. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"आरशाला काय सांगतोस?" ताई म्हणाल्या. "मी इथे आहे."

मास्तर गर्रकन वळले. म्हणाले, "ताई, आता मी हो म्हणू की नाही म्हणू?"

"आधी मला बोलू दे. मदतीला माणूस हवंय. माझं टेबल पडद्यामागून पुढे हवंय. आणि लोकांची बोलणी तुझी तू ऐकायची."

मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "हो."

"कधी?"

"आत्ता," मास्तर म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं. ताईंनी किल्ली पुन्हा पिशवीत टाकली आणि दुसरं टोक उचललं.

ते टेबल आता माझ्यासमोर असतं. मदतीला एक मुलगीही येते. दुकान खरंच वाढलं, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर जागा उलट कमी झालीय. मला नवा पारा चढवायचंही मास्तरांनी कबूल केलंय. कधी, ते बोलले नाहीत. शुक्रवार नसला म्हणजे मिळवली!

तर मित्रांनो, घरातल्या आरशावरून अधूनमधून फडकं फिरवा. त्याचा पारा उडू देऊ नका. जे बोलायला जड जातं, ते खुशाल आधी आम्हाला सांगा. आम्हाला त्यातलं काही कळत नाही, पण आम्ही शेवटपर्यंत ऐकतो. मात्र तिथेच थांबू नका, मागे वळा. आम्हाला राग येणार नाही. त्या सकाळी मास्तर माझ्याकडे पाठ करून बहिणीसमोर उभे राहिले. आयुष्यभर मी लोकांचे चेहरेच पाहिले, पण त्या पाठीइतकं चांगलं मला दुसरं काही दिसलेलं नाही.