डावीकडे गेलेले बाण

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो.

कादुगनने तीन बाण माझ्या पाटावर टाकले होते आणि तिन्हींना नावं ठेवणं चालू होतं. उभा जन्म याने माझ्या हातचे बाण वापरले. आणि आज उजाडताच दारात येऊन मलाच सांगत होता, की तुझे बाण वाकडे आहेत. मला राग येणारच.

"तिन्ही डावीकडे गेले, मेरिग. एखादा गेला असता तर म्हटलं असतं, माझा हात हलला. तिन्ही एकाच अंगाला कसे जातात?"

मी एकेक बाण डोळ्यासमोर धरून फिरवला. दांडे सरळ होते, पिसं जागच्या जागी होती. तराजूच्या एका पारड्यात बाण आणि दुसऱ्यात जवाचे दाणे घालून वजनही पाहिलं. नेहमीचंच होतं. आमच्या खोऱ्यात कादुगनइतका जड बाण कुणी वापरत नाही. हलका बाण लांब जातो, झकास जातो, पण हरणाच्या अंगात पुरता शिरत नाही. ते बिचारं तो घेऊन पळतं आणि कुठल्यातरी झुडपात दोन-तीन दिवस मरत पडतं. जड बाण आत जातो आणि काम संपवतो. मात्र जड बाणाला धनुष्य कडक लागतं, आणि कडक धनुष्याला खांदा. कादुगनपाशी हे सगळं होतं, म्हणून तर धन्यांच्या शिकारीत नदीच्या उतारावरची मानाची जागा वर्षानुवर्षं त्याची होती.

"बाणात खोट नाही," मी म्हणालो.

त्याने तिन्ही बाण गोळा केले. मग हळूच म्हणाला, "मग माझे डोळे गेले म्हणायचे. शनिवारी धन्यांचे कारभारी शिकारीची माणसं निवडणार. डोळे गेलेल्याला ते हाकाऱ्यांत घालतील, थाळी बडवायला."

"आधी मारून तर दाखव."

माझ्या परसात गवताचा भारा असतोच. कादुगनने धनुष्य उचललं आणि दोरी सरळ कानापर्यंत ओढली. मी बघतच राहिलो. साऱ्या उन्हाळ्यात ही दोरी त्याच्या हनुवटीच्या पुढे आली नव्हती, मी रोज पाहत होतो. बोललो नव्हतो एवढंच.

"खांदा सुधारला की रे," मी म्हणालो.

"गेनेरिस हंसाची चरबी चोळते रोज. चार दिवसांत फरक पडला बघ." एवढं बोलताना त्याचा चेहरा उजळला. त्याने बाण सोडला. बाण भाऱ्याच्या डाव्या कडेला घासून कुंपणात गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लोकांना वाटतं बाण सुटतो तो नाकासमोर जातो. तसं नसतं. सुटताना तो माशासारखं अंग वळवतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. धनुष्य जितकं कडक, तितका बाणाचा दांडा ताठ ठेवायचा. आणि तोच दांडा नरम धनुष्यावर चढवला, तर तो वाकत नाही, वळसा घालत नाही, आणि डावीकडे जातो. म्हणजे डोळे ठीक होते. खांदाही सुधारला नव्हता. धनुष्य नरम झालं होतं, आणि जुनं एल्मच्या लाकडाचं धनुष्य चार दिवसांत आपोआप नरम होत नाही.

"लाकूड ओल धरलंय," मी ठोकून दिलं. "बाण ठेवून जा. बघतो."

तो गेल्यावर मी मागच्या वाटेने त्याच्या घरी गेलो. त्याची बायको गेनेरिस अंगणात हंसाची पिसं निवडत बसली होती. माझ्या बाणांना पिसं तीच देते. तिचे वडील धनुष्यं करायचे, त्यामुळे या कामातलं तिला मी शिकवावं असं काही नाही.

"कुठून तासलंस?" मी विचारलं.

"काय?"

"गेनेरिस, मी बाण करतो, ताक नाही घुसळत. कुठून तासलंस?"

तिने पिसं टोपलीत ठेवली. "पोटाकडून, आतल्या बाजूने. वर-खाली दोन्ही अंगांनी सारखं. वर चरबी नि काजळी चोळली, म्हणून दिसत नाही." मग जरा चढ्या आवाजात, "तुमच्यापेक्षा हात बरा आहे माझा, दादा."

"हात बरा आहे, पण बाणांचं काय? बाण तासायचे कुणी?"

तिचा हात तोंडावर गेला. बापाने तिला धनुष्य शिकवलं होतं, बाण नव्हे. मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते तिथंच विरलं.

"हे गोठ्यामागं जायचे रोज पहाटे," ती म्हणाली. "ओढून बघायचे. नाही यायचं. मग धनुष्याला कपाळ टेकून उभे राहायचे. मी दूध काढायला गेले की दिसायचं. एक दिवस खांदे हलताना दिसले, दादा. यांचे वडील गेले तेव्हासुद्धा रडले नव्हते हो. मला नाही बघवलं."

 माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्यासाठी गुपचूप कुणी काही तासेल, असं आता कुणी उरलेलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या घटकेला कादुगनचा हेवा वाटला.

"बारीक बाण करा ना," ती म्हणाली. "लवतील असे."

"बारीक म्हणजे हलका. हलका त्याला चालायचा नाही, नि मलाही."

शेवटी मी असं केलं: दांडे थोडे तासले आणि लोहाराकडून जड पाती आणून बसवली. टोकाला भार वाढला की तोच दांडा जास्त लवतो, आणि वजनही घटत नाही. असा बाण नरम धनुष्यावरूनही सरळ जातो, आत शिरतो. फक्त दमाने जातो आणि लवकर खाली येतो. लांबचं काम त्याने होत नाही.

कादुगनने पहिलाच बाण बोटावर तोलून पाहिला. "टोकाकडं जड आहे."

"लोहाराने पाती बदललीत."

त्याने बाण सोडला. भाऱ्याच्या मधोमध बसला. मला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. धनुष्य उलटं करून त्याने पोटावरून अंगठा फिरवला, वरून खाली, सावकाश. मधे एकदा थांबला, मग पुन्हा फिरवला.

"तिला सांगू नको," तो म्हणाला.

"काय?"

"मला कळलंय ते. खांदा सुधारला असं मला वाटतंय, म्हणून तिला चार दिवस झोप लागतेय."

शनिवारी सगळं गाव माळावर जमलं. कादुगनचा बाण तिन्ही वेळा सरळ गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण कारभाऱ्याची एक रीत मी विसरलो होतो, गेनेरिसही विसरली होती. आम्ही दोघं पुरते अडाणी ठरलो. निवडीच्या दिवशी कारभारी प्रत्येकाचं धनुष्य स्वतः ओढून बघतो. कादुगनच्या धनुष्याची दोरी त्याच्याकडून कधी हनुवटीपर्यंतसुद्धा यायची नाही, आणि दरवर्षी त्यावरून हशा व्हायचा. माणूस मोकळा, तोही हसायचा.

या वेळी त्याने ओढलं आणि दोरी कानाशी आली. 

"कारभारी, यंदा अंगात बळ आलं की तुमच्या," मागून कोणीतरी म्हणालं. दोघं-चौघं हसले.

"त्यांच्या नाही आलं," कादुगन म्हणाला. "माझ्या अंगातलं गेलं. धनुष्य मी तासलंय."

बायकांच्या घोळक्यात गेनेरिस उभी होती. तिने पदर घट्ट धरला आणि मान खाली घातली.

कारभाऱ्याने धनुष्य दोन्ही हातांनी परत दिलं. "कादुगन, नदीच्या उतारावरून पलीकडच्या काठापर्यंत..."

"नाही पोचायचा बाण. ठाऊक आहे मला. मला जखमी जनावरांच्या मागं पाठवा."

ते काम कुणी मागून घेत नाही. म्हातारं कुत्रं घेऊन, दुसऱ्यांनी अर्धवट मारलेलं जनावर हुडकत काटेकुट्यांतून फिरायचं. त्यात ना कातडं मिळतं ना नाव. पण त्याला लांबचा नेम लागत नाही. लागतो तो जड बाण आणि जवळ जाण्याचा धीर. कारभाऱ्याने मान डोलावली.

शिकारीच्या दिवशी मी बाण गोळा करायला त्याच्याबरोबर होतो. दुपार कलताना एका हरिणीच्या पोटात कुणाचातरी हलका बाण अर्धा शिरला आणि ती नेच्यांच्या दाटीत पळाली. रक्ताचे थेंब हुडकत कादुगन निघाला. शेवटी तर पोटावर सरपटत गेला, या वयात. मी मागे थांबलो. तो इतका जवळ पोचला, की मला वाटलं आता हात लावील. दोरीचा आवाज एकदाच झाला.

मी गेलो तेव्हा तो तिच्या मानेवर तळवा ठेवून बसला होता. "झालं बाई," म्हणत होता. "झालं आता." बाण पिसांपर्यंत आत गेला होता. ती जागची हलली नव्हती.

रानाच्या कडेला गेनेरिस भाकरी आणि चीज घेऊन उभी होती. निवडीच्या दिवसापासून दोघांत त्या गोष्टीचा शब्द झाला नव्हता.   कादुगनने बसून खाल्लं, कुत्र्याला एक तुकडा दिला, उठला. मग त्याने खांद्यावरचं धनुष्य उतरवलं आणि तिच्यापुढे धरलं. आमच्याकडे शिकारी आपलं धनुष्य दुसऱ्याच्या हाती वाहायला देत नाही, बायकोच्या तर नाहीच. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग घेतलं.

"खालच्या अंगाला जरा जास्त गेलंय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी तासशील तेव्हा जपून."

ती "बरं" म्हणाली. दोघं उतारावरून घराकडे चालू लागली, तो मोकळ्या हाताने आणि ती धनुष्य घेऊन.