वाचन दिनाचा फोटो

शाळेत शिकवायला वेळच मिळत नाही, ही तक्रार तुम्ही-आम्ही कुठल्या ना कुठल्या बाईंच्या तोंडून ऐकलेली असते. आपण मान डोलावतो, 'खरं आहे हो' म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. ही गोष्ट अशाच एका बाईंची आहे. प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळणाऱ्या, अकरा वर्षं नोकरी झालेल्या, आणि वरून कागद आला की हातातला खडू खाली ठेवणाऱ्या.

शुक्रवारी दुपारी तसा एक कागद आला. सोमवार ते शनिवार शाळेत 'आनंद आणि अध्ययन सप्ताह' साजरा करायचा होता. रोज एक विषय, रोज एक कार्यक्रम आणि रोज दुपारी एकच्या आत पाच फोटो कार्यालयाकडे पाठवायचे. फोटोत किमान तीस मुलं दिसली पाहिजेत, चेहरे हसरे हवेत, मागचा फलक स्पष्ट वाचता आला पाहिजे. मुलांना त्या आठवड्यात काय यायला हवं, याबद्दल मात्र त्या दोन पानी कागदात एक ओळही नव्हती.

कागद वाचून बाईंना सगळ्यांत आधी टाचणी आठवली.

टाचणी म्हणजे त्यांच्या वर्गातली एक मुलगी. अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. बाप गवंडी, आई त्याच्याच हाताखाली. जिथे काम तिथे बिऱ्हाड, त्यामुळे तिसरीपर्यंत पोरीने चार शाळा पाहिल्या होत्या आणि वाचायला एकाही शाळेत शिकली नव्हती. बाईंनी दोन महिने मधल्या सुट्टीनंतरचा अर्धा तास तिच्यासाठी राखून ठेवला होता. बाकीची मुलं शुद्धलेखन लिहायची आणि टाचणी बाईंच्या टेबलापाशी उभी राहून अक्षरांशी झटापट करायची. आधी नुसती अक्षरं, मग काना-मात्रा, मग लहान शब्द. मागच्याच आठवड्यात तिने पहिल्यांदा अख्खं वाक्य वाचलं आणि बाईंकडे संशयाने पाहिलं.

"हे असंच लिहिलंय ना, बाई? का मी मनानं सांगितलं?"

"असंच लिहिलंय."

"मग पुढचं वाचू?"

दोन महिन्यांची ही कमाई होती. पण बापाचं इथलं काम संपलं होतं. शनिवारी दुपारी टेम्पो भरून ते दूर कालव्याच्या कामावर जाणार होते आणि तिथे आसपास शाळा नव्हती. बाईंनी टाचणीला शब्द दिला होता, की जायच्या आधी तू एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकटीने वाचशील. एकदा पुस्तक संपवलं की पोरीची भीती जाईल, मग शाळा असो नसो, हाती येईल तो कागद ती वाचत बसेल, असं बाईंना वाटत होतं. हातात सहा दिवस होते, म्हणजे सहा अर्धे तास.

"तेवढा माझा अर्धा तास सोडा," त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या. मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत.

"माझ्या हातात आहे का ते? मागच्या वेळी आपले फोटो दोन तास उशिरा गेले, तर भर सभेत उभं करून विचारलं मला. पंचावन्न वर्षांच्या बाईला! एक आठवडा तर आहे. पुढच्या सोमवारपासून शिकवा की."

"पुढच्या सोमवारी ती नसेल."

"बाकीची चाळीस असतीलच ना!"

बाई वर्गावर निघून गेल्या. नोकरीत राहून माणूस दुसरं काही शिको न शिको, गप्प बसायला चांगलं शिकतो.

सोमवारी उद्घाटन झालं. फुगे फुगवण्यात दोन तास गेले, ते बांधण्यात एक आणि कार्यालयातल्या साहेबांची वाट पाहण्यात दीड. साहेब आलेच नाहीत. मंगळवारी वेशभूषा. टाचणीला डॉक्टर केलं होतं. गळ्यात दोरीची नळी अडकवून ती दुपारभर बाईंच्या मागे मागे फिरत होती.

"बाई, आपला अर्धा तास?"

"उद्या गं."

बुधवारी हस्तकला. 'आमच्या चिमुकल्या हातांची किमया' असा फलक लागला. त्याखाली मांडलेल्या वस्तू बाईंनी आणि दुसरीच्या बाईंनी घरी बसून केल्या होत्या, कारण मुलांनी केलेल्या वस्तू वाकड्या होतात आणि फोटोत बऱ्या दिसत नाहीत. टाचणीने पुन्हा पदर ओढला.

"उद्या नक्की. उद्या तर वाचन दिनच आहे!" बाई म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही तसंच वाटलं होतं.

आता या शाळेची एक रीत सांगायला हवी. शाळेत गोष्टीची पुस्तकं होती, चांगली एकशे वीस. पण ती कायम कपाटात कुलूपबंद. मुलांच्या हातात दिली की फाटतात, कोपरे मुडपतात आणि तपासणीच्या वेळी बोलणी बसतात. म्हणून पाहुणे आले की पुस्तकं बाहेर निघत आणि पाहुणे गेले की मोजून आत जात. "पाच वर्षांत एक पान फाटलेलं नाही," असं मोठ्या बाई कौतुकाने सांगत. वाचलंही गेलेलं नाही, हे बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती. आणि आपल्या बाईही काही वेगळ्या नव्हत्या. टाचणीला त्यांनी फळ्यावरून आणि पाठ्यपुस्तकातून शिकवलं, पण कपाटाची किल्ली मागायचं दोन महिन्यांत एकदाही मनात आणलं नाही.

गुरुवारी कपाट उघडलं. मुलं पटांगणात चार रांगांत बसवली. टाचणी पुढच्या रांगेत, कारण त्या दिवशी तिचा गणवेश सगळ्यांत स्वच्छ होता. प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक. बाई मोबाइल घेऊन समोर स्टुलावर उभ्या राहिल्या.

"पुस्तक छातीपर्यंत धरा. चित्राची बाजू माझ्याकडे. आता वर बघा आणि हसा!"

टाचणीच्या वाट्याला आलेलं पुस्तक सोळा पानांचं होतं. एक बूट आपला जोडीदार शोधायला निघतो, अशी गोष्ट. तिने पुस्तक मांडीवर घेतलं, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. शब्दाशी अडलं की मान तिरकी व्हायची, ओठ दोन-तीनदा हलायचे, मग बोट पुढे सरकायचं. दुसरं पान झालं, तिसरं झालं. भोवती काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. पहिला फोटो तिच्यामुळे बिघडला. चाळीस चेहरे आणि एक भांग! दुसराही तसाच आला. मुलं कंटाळली, मागची रांग विस्कटली, ती पुन्हा बसवली, तेवढ्यात एक वाजायला दहा मिनिटं राहिली. मोठ्या बाई दारातून मनगटावरचं घड्याळ दाखवू लागल्या.

"अगं टाचणे, वर बघ!"

"बाई, थांबा ना, एवढं पान..."

"वाचू नकोस!" बाई ओरडल्या. "आधी इकडे बघ!"

टाचणीने वर पाहिलं. सगळे हसत होते म्हणून तीही हसली. फोटो उत्तम आला.

बाई स्टुलावरून उतरल्या आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. अरेरे! जिला दोन महिने 'वाच बाळा, वाच' म्हणून विनवलं, तिलाच वाचन दिनाच्या दिवशी, पुस्तकांच्या ढिगात बसवून, त्यांनी ओरडून सांगितलं होतं, वाचू नकोस! त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटायलाही वेळ नव्हता, एकच्या आत फोटो जायचे होते. ते पाठवून होईपर्यंत शिपाईमामांनी पुस्तकं गोळा करून कपाटात लावली होती.

"बाई, बारा पानं झाली माझी. चारच राहिलीत," टाचणी म्हणाली.

बाई किल्ली मागायला गेल्या. मोठ्या बाईंनी दोन्ही हात जोडले. "शनिवारी साहेब कपाट बघणार आहेत. एक पुस्तक इकडचं तिकडे झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तो सोहळा पार पडू द्या, मग काय हवं ते घ्या."

शुक्रवारी फेरी. वाचनाचं महत्त्व सांगणाऱ्या घोषणा देत मुलं दोन तास उन्हातून फिरली आणि परत आल्यावर कोणाच्याच घशातून आवाज निघेना.

शनिवारी सकाळी शाळेच्या वाचन दिनाच्या फोटोला पहिला क्रमांक मिळाल्याचं कळलं. साहेबांच्या हस्ते प्रमाणपत्र मिळणार होतं. पटांगणात मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. या गडबडीत टाचणीचा बाप तिला घेऊन शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला. मोठ्या बाईंनी दाखला लिहून दिला आणि मोठ्या हौसेने मोबाइल पुढे केला.

"बघा तुमची मुलगी, पहिल्या रांगेत! पहिला नंबर आलाय या फोटोला."

गवंड्याने फोटो लांब धरून पाहिला, जवळ घेऊन पाहिला.

"ही वाचत नाहीये, बाई."

"अहो, वाचन दिनाचाच फोटो आहे तो."

"असेल. पण वाचताना ही वर बघत नाही. सिमेंटच्या पोत्यावरचं वाचायला लागली ना, की चार हाका मारल्या तरी ऐकू जात नाही हिला."

मोठ्या बाईंनी आपल्या बाईंकडे पाहिलं. आपल्या बाईंनी खाली पाहिलं. मग झाला प्रकार त्यांनी सांगून टाकला: बुडालेले अर्धे तास, चार पानं, कपाट, सगळं. गवंडी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"राग मानू नका, मी फार शिकलेला नाही," तो म्हणाला. "पण भिंत बांधली की तिला सात दिवस पाणी मारावं लागतं. साहेब पाहणीला येणार म्हणून आम्ही झाडलोट करत बसलो आणि दोन दिवस पाणी चुकलं, तर त्या दिवशी कुणाला काही दिसत नाही. साहेब खूश होऊन जातात. भेगा पडतात नंतर. तेव्हा तिथे साहेब नसतात आणि आम्हीपण नसतो. जो त्या घरात राहतो, त्यालाच त्या बघाव्या लागतात."

"आमच्या हातात काय आहे हो?" मोठ्या बाईंचा आवाज उतरला होता. "वरून कागद येतो."

"आम्हालाही वरूनच सांगतात, बाई. पण पाणी तर आमच्याच हातात असतं ना."

मोठ्या बाईंनी पर्समधून किल्ली काढली. एवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि शिपाईमामा धावत आले, "साहेब आले, साहेब आले!" किल्ली मुठीतच राहिली. "पाचच मिनिटं थांबा," असं दोघींनीही त्या बापलेकीला सांगितलं आणि दोघीही पळाल्या.

साहेबांचं भाषण अकराला सुरू झालं. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. दोघी मंचावर बसलेल्या. मोठ्या बाईंच्या मुठीत किल्ली, बाईंच्या मांडीवर 'उत्कृष्ट वाचन उपक्रमा'चं प्रमाणपत्र. पटांगणाच्या टोकाला, नळापाशी, टाचणी बापाचं बोट धरून उभी होती. बाईंना ती स्पष्ट दिसत होती. उठावं आणि जावं! जेमतेम शंभर पावलं! मोठ्या बाई एकदा अर्ध्या उठल्यासुद्धा, पण साहेबांनी बोलता बोलता त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या पुन्हा बसल्या. साहेब बोलत असताना उठायचं कसं? पावणेबारा वाजता बापाने टेम्पोच्या दिशेला पाहिलं, मुलीला काहीतरी सांगितलं. टाचणीने दोनदा मान हलवून 'नाही' म्हटलं. मग ती निघाली. फाटकापाशी पोचेपर्यंत ती उलट्या पावलांनी, मंचाकडे बघत चालली होती.

त्याच वेळी साहेबांनी बाईंना 'दोन शब्द' बोलायला सांगितलं.

बाई उभ्या राहिल्या. पाठ करून आणलेले आभार एकही आठवेना.

"या फोटोतली एक मुलगी त्या वेळी खरंच वाचत होती," त्या म्हणाल्या. "मी तिला ओरडले, वाचू नकोस, इकडे बघ! म्हणून हा फोटो चांगला आला. त्या मुलीची चार पानं राहिली आणि ती आत्ता, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. हे प्रमाणपत्र त्या ओरडण्याबद्दल मिळालंय."

मग साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. बाईंचे डोळे भरून आले. लोकांना ते आनंदाश्रू वाटले.

टाळ्या न वाजवणारं मंचावर एकच माणूस होतं, त्या मोठ्या बाई. सोमवारी त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं ते कायमचं. पहिल्याच आठवड्यात दोन पुस्तकं फाटली. मोठ्या बाईंनी ती स्वतः चिकटवली आणि पुन्हा मुलांच्या हाती दिली. मधल्या सुट्टीनंतरच्या अर्ध्या तासात आता कुठलाही कागद शिरत नाही. महिन्याभरात नवा उपक्रम आला, फोटो उशिरा गेले, आणि मोठ्या बाईंना भर सभेत पुन्हा उभं केलं गेलं. त्या उभ्या राहिल्या.

वाचकहो, सोहळे करू नयेत असं कोणी म्हणत नाही. मुलांना ते आवडतातही. पण मुलांसाठी सुरू केलेली गोष्ट आपण दाखवण्यासाठी करू लागलो, की मूल मागे पडतं, आणि हे शाळेतच होतं असंही नाही. आपापल्या घरात, कचेरीत एकदा पाहा. 'पुढच्या सोमवारी शिकवू' हे वाक्य आपण सहज बोलतो. पुढच्या सोमवारी ते मूल आपल्यासमोर असेल, अशी हमी आपल्याला कोणी दिलेली नसते.

बाईंनी कालव्याच्या कामावर दोनदा निरोप धाडला. पहिल्यांदा, ती माणसं पुढच्या टप्प्यावर गेली, असं उत्तर आलं. दुसऱ्यांदा काहीच आलं नाही. टाचणी आता वाचते की विसरली, हे त्यांना माहीत नाही.