शनिवारी सरकवलेला बांध

दोन हजार बारा साल होतं. तंजावुरात तेव्हा वीज ठरल्या वेळी जायची, त्यामुळे मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप, सगळं आम्ही तिच्यावर बेतत होतो. आमच्या गल्लीत ती सकाळी नऊला यायची आणि दुपारी बाराला जायची.

घरातला कॉम्प्युटर त्याच सुमाराला कुरकुरू लागला. उघडला की जागा संपली म्हणे. माझे यजमान अनिरुद्धराव यांनी आपल्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्रमतींना, शेवटची दोन वर्षं रोज समोर बसवून बोलतं केलं होतं. पदार्थ, ओव्या, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, सारं आमच्या घरच्या जुन्या मराठीत. तो आवाज त्या एका कॉम्प्युटरात होता, दुसरीकडे कुठे नाही. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं.

लेकीची मुलगी हरिणी सुट्टीला आली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना निम्मं तमिळ येतं. तिने बघून सांगितलं, "आजोबा, डिस्क एकच, तिचे दोन भाग केलेत. सी भरलाय, डी निम्मा रिकामा आहे. डीची थोडी जागा काढून सीला द्यायची. त्याचं सॉफ्टवेअर मिळतं."

"म्हणजे बांध सरकवायचा," अनिरुद्धराव म्हणाले.

हा शब्द आमच्या घरात जपून काढत. पापनाशमच्या शेताची वाटणी झाली तेव्हा बांध चार हात अलीकडे की पलीकडे यावरून त्यांचं आणि समोरच्या घरातल्या चुलतभावाचं, सांबशिवभावजींचं, बोलणं थांबलं होतं. त्याला पाच वर्षं झाली होती.

"उभ्या पिकात कुणी बांध सरकवतं का? आईचा आवाज डीमध्येच आहे."

"आधी दुसरीकडे काढून ठेवायला हवं," हरिणी म्हणाली, "पण एवढं मावेल असं माझ्याकडे काही नाही. दीडदोन तासांचं काम. मध्ये वीज तेवढी जायला नको."

शनिवारी नऊला वीज आली आणि ती खुर्ची ओढून बसली.

"आता नको," मी म्हटलं. "साडेदहापर्यंत राहुकाळ आहे."

"आजी, कॉम्प्युटरला कसला राहुकाळ?"

"ज्यात सासूबाई आहेत त्याला आहे."

अनिरुद्धरावांनी मान हलवली. साडेदहा वाजून गेल्यावर तिने काम सुरू केलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. बारा वाजले तेव्हा ती निम्म्याच्या थोडी पुढे होती, आणि वीज वेळेवर गेली. टेबलाखालचा यूपीएस पिकपिक करू लागला.

"हा वीस मिनिटं टिकेल," हरिणीचा चेहरा उतरला होता. "मध्येच बंद पडलं तर डीमधलं काही सापडेल असं नाही."

अनिरुद्धराव पट्टीकडे बघत राहिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

गल्लीत इन्व्हर्टर एकाच घरात होता. मी चपला घालून समोर गेले. भावजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

"भावजी, तुमच्या इन्व्हर्टरची वीज हवी. तासभर."

"त्याने पाठवलं?"

"माझी मी आले. कॉम्प्युटरचं काम अर्ध्यात अडकलंय आणि आत तुमच्या काकू आहेत. त्यांचा आवाज."

भावजींची आई लहानपणीच गेलेली. सासूबाईंनीच त्यांना वाढवलं होतं. त्यांनी पेपरची घडी केली.

"बाराला वीज जाते हे ठाऊक असून इतक्या उशिरा का लावलंत?"

"राहुकाळ होता."

"मग काय करणार," ते गंभीरपणे म्हणाले आणि उठले.

नवरात्रातल्या दिव्यांची लांब वायर त्यांनी माळ्यावरून काढली. ती गल्लीतून आमच्या खिडकीत आली, हरिणीने यूपीएसची पिन त्यात खोचली आणि पिकपिक थांबली. तेवढ्यात ऑटो आला. भावजींनी धुणं वाळत घालायच्या काठीने वायर उंच धरली, ऑटो खालून गेला. मागून दुसरा आला. मग ते तिथेच उभे राहिले, भर उन्हात.

अनिरुद्धरावांनी खिडकीतून दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा छत्री घेऊन बाहेर गेले आणि भावाच्या डोक्यावर धरून उभे राहिले. दोघांची तोंडं दोन दिशांना.

सव्वा वाजता पट्टी भरली. हरिणीने त्या दोघांना आत बोलावलं आणि यादीतला सगळ्यात वरचा आवाज लावला. सासूबाई डांगर पच्चडी सांगत होत्या: उडीद भाजून पीठ कसं करायचं, दह्यात कधी कालवायचं. सांगता सांगता थांबल्या. "अनी, सांबाला वाटीभर नेऊन दे. त्याला आवडते."

"देतो," कॉम्प्युटरातले अनिरुद्धराव म्हणाले.

"नाही आली," भावजी म्हणाले.

"काय?"

"वाटी."

अनिरुद्धराव माझ्याकडे वळले. "घरात उडीद आहेत का?"

वाटी त्याच संध्याकाळी समोर गेली, आणि ती घेऊन ते स्वतः गेले. बांध जिथे होता तिथेच राहिला. त्याबद्दल पुन्हा कुणी काही काढलं नाही.

अनिरुद्धराव दोन हजार एकोणीसमध्ये गेले. भावजी आता पंच्याऐंशीचे आहेत, काठी घेऊन रोज कॉफीला येतात. तो कॉम्प्युटर मी मोडीत दिला, पण त्याआधी हरिणीने सगळे आवाज तीन ठिकाणी काढून ठेवले. ती बंगळुरूत कंपन्यांची मोठमोठी यंत्रं सांभाळते. मोठं काम हाती घेण्याआधी तिचा फोन येतो, "आजी, आज किती वाजेपर्यंत?" मी कॅलेंडर बघून सांगते. ती हसते, आणि तेवढा वेळ थांबते.