चैतालीचा घास

रोहिणीने टोस्टर उघडला, तर सँडविचचा एक घास आधीच कोणीतरी खाल्लेला होता. टोस्टर लांब दांड्यांचा, गॅसवर धरायचा. कडी तिनेच लावली होती आणि आत्ता तिनेच काढली होती. पाव छान खरपूस झाला होता. एका कोपऱ्यात मात्र अर्धगोल खाच होती आणि खाचेच्या मधोमध पावाचा बारीक सुळका उभा होता. समोरचा दात पडलेलं मूल चावतं तेव्हा असाच सुळका मागे राहतो.

तिने नवऱ्याला हाक मारली. दिगंबरने चष्मा लावून सँडविच खिडकीच्या उजेडात धरलं.

"चैतालीचा आहे," तो म्हणाला.

"हो."

चैताली त्यांची एकुलती एक मुलगी. पहिलीत असताना पावसाळ्यात ताप आला आणि गेली. शाळेतून आल्या आल्या तिला सँडविच लागायचं, उकडलेला बटाटा आणि हिरवी चटणी घातलेलं, वरून लोणी चोपडलेलं. ती गेल्यापासून घरात ते झालं नव्हतं. त्या दिवशीही रोहिणीने केलं ते केवळ पाव वाया जाऊ नये म्हणून.

"बीट कशाला घातलंस? बघ, तिथपर्यंत येऊन थांबलीये."

"चुकलंच माझं," रोहिणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने बीट घातलं नाही, चटणीत मिरचीही कमी केली. घास मोठा निघाला. मग हे रोजचंच झालं. दिगंबरचं नाशिकला रंगाचं दुकान होतं. संध्याकाळी गिऱ्हाईक सोडून तो घरी यायला लागला. उरलेलं सँडविच दोघं अर्धं अर्धं खायचे. खाचेची बाजू रोहिणी स्वतःकडे घ्यायची.

दिवाळीच्या आसपास सुळका दिसेनासा झाला. रोहिणी पेढे घेऊन आली आणि समोरच्या पाटणकर काकूंना द्यायला गेली.

"कसले गं पेढे?"

"चैतालीला दात आला."

काकूंनी पेढा हातात तसाच धरला. मग हळूच विचारलं, "रोहिणी, तुझ्या भावाला बोलावून घेऊ का?"

तेव्हापासून रोहिणीने दार उघडणं बंद केलं.

चैताली भराभर वाढत होती. थंडीत घास रुंद झाले, मिरचीचे तुकडेही खाल्लेले दिसायला लागले. पुढे एकदा सँडविचला दोन घास होते. एक मोठा आणि त्याला खेटून एक इवलासा, तांदळाच्या दाण्याएवढ्या दातांचा.

"आजोबा झालात," रोहिणी म्हणाली.

दिगंबर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता. नंतर चपला घालून गेला आणि दुधाचा मऊ पाव घेऊन आला. आठवडाभर त्यांनी दोन सँडविच केली. पण इवलासा घास पुन्हा आला नाही आणि मोठा घासही त्या आठवड्यात आला नाही.

"काय झालं असेल हो?"

"कोणाला विचारणार," दिगंबर म्हणाला.

आला तेव्हा तो घास एकाच बाजूच्या दातांचा होता. कडेचा भाग तसाच टाकलेला. रोहिणीने तो ओळखला. तिची आई शेवटी शेवटी अशीच खायची. रोहिणीचे स्वतःचे केस अजून काळे होते.

"अहो, ती आपल्यापेक्षा मोठी झाली."

दिगंबरने दुकान बंद केलं. खुर्च्या ओट्याशी आणून ठेवल्या. रोहिणी पावाच्या कडा कापायची, बटाटा लोण्यात घोटून अगदी लुसलुशीत करायची, चटणीऐवजी नुसतं मीठ. तो शेजारी बसून पाव हाताने दाबून बघायचा आणि म्हणायचा, "अजून मऊ कर. तिला चावत नाही." आता घास निघत नव्हता. पावावर नुसत्या हिरड्यांची खूण उमटायची, आणि तीही रोज थोडी कमी खोल. एके दिवशी खूणही नव्हती. कोपरा फक्त ओला होता.

दुसऱ्या दिवशी रोहिणीने नेहमीसारखं सँडविच भरलं, कडी लावली, टोस्टर मंद आचेवर धरला. एक बाजू झाली, तिने उलटवला. दुसरी झाली. भाजल्याचा वास घरभर पसरला. तिने गॅस बंद केला नाही. हात दांड्यांच्या टोकाशी, कडीवर ठेवला.

"काल फक्त ओल होती," ती म्हणाली.

"माहितीये मला."

"उघडू?"

टोस्टरच्या फटीतून धुराची रेघ निघाली, मग जाड झाली. दारावर थाप पडली.

"रोहिणी," पाटणकर काकू बाहेरून म्हणाल्या, "काहीतरी करपतंय गं."

दिगंबरने आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून कडी घट्ट दाबून धरली.