फोनमधली टक

गुरुवारी लोणीच्या मठासमोर पाय ठेवायला जागा नसायची. महाराज डोळे मिटून एकेकाच्या घरातलं गुपित सांगायचे. देव कानात बोलतो म्हणे! देवाला दुसरा उद्योगच नव्हता जणू.

पण मला हसू येत नव्हतं. साल अठ्ठ्याण्णव, वस्तीला फोन एकच, माझ्या एसटीडी बूथमधला. महाराजांना कळायचं ते सगळं तिथंच बोललेलं असायचं. कुंडलिकच जाऊन सांगतो, असं लोक माझ्याबद्दल म्हणायला लागले. शपथा घेऊन मी थकलो.

त्यातच वस्तीतल्या गोजरबाईंची लेक अमृता पुण्याला दवाखान्यात. हृदयाची झडप बदलायची होती. मंगळवारी डॉक्टरांचा फोन आला, ऑपरेशन येत्या सोमवारी; आणि संध्याकाळी महाराजांनी तो वार अचूक सांगून वर बजावलं, "सुरी लागली की पोर गेली. घरी आण, अंगारा लाव." बाई लेकीला आणायला निघाली.

मी शाळेतल्या समाधान गुरुजींना गाठलं. फोनमध्ये काही वेगळं जाणवतं का, असं त्यांनी विचारलं.

"टक वाजतं राव, आन मग आवाज बारीक व्हतो."

गुरुजींचा चेहरा उतरला. "दुसरा कुणीतरी रिसीव्हर उचलतोय."

त्यांनी गोजरबाईंना दोन दिवस थांबायची गळ घातली आणि समोरासमोर एक खुणेचा शब्द ठरवला. फोनवर आधी तो शब्द आला तरच बोलणं खरं. बुधवारी त्यांनी नारायणगावाहून बूथवर गोजरबाईंना फोन केला. टक वाजली. अमृताला नाशिकला हलवलंय, एवढंच ते बोलले. खुणेचा शब्द नव्हता.

गुरुवारी महाराज गरजले, "बाई, तुझी लेक नाशिकला गेली. देवानं आत्ताच सांगितलं."

गोजरबाई उभ्या राहिल्या. "माझी पोर पुण्यातच हाय. तुमच्या देवाला खोटा फोन वळखता येत न्हाई."

बूथची तार मठाच्या पत्र्यावरून जायची. महाराजांनीच आग्रहानं तिला जागा दिली होती आणि मी येड्यानं तेव्हा नारळही फोडला होता. आता लोकांनी तिचा माग काढला, तर तिला जोडलेल्या दोन बारीक तारा महाराजांच्या खोलीत उतरल्या होत्या. गादीखाली रिसीव्हर निघाला. श्वास ऐकू जाऊ नये म्हणून त्याचा माईक काढून टाकलेला. त्या गोंधळात महाराज मागच्या दारानं पसार झाले.

सोमवारी पुण्याहून गुरुजींचा फोन आला. टक नाही. आधी खुणेचा शब्द आला, मग अमृता शुद्धीवर आल्याची बातमी. गोजरबाई बूथमध्येच खाली बसून रडल्या. तो शब्द मी इथं लिहिणार नाही, त्यांच्या घरात तो अजून चालतो.

महाराज काही सापडला नाही. दुसऱ्या कुठल्या गावात तो गादी टाकून बसला असेल. म्हणून सांगतो, तुमच्या घरातलं गुपित कुणी घडाघडा सांगितलं तर पाया पडू नका. आधी तार कुठून जाते ते बघा.